'काय बी करू वाटेना' ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं

बेळगावच्या शहापुरात आमचं किराणा दुकान होतं, शाळा सुटली की मी गल्ल्यापाशी बसायचो, त्यामुळे लिस्ट ह्या शब्दाशी माझी ओळख पुस्तकाच्या आधी दुकानात झाली. लिस्ट म्हणजे गिऱ्हाईक मुठीत चुरगळून आणतं तो कागद, तूरडाळ एक किलो, शेंगतेल अर्धा, जाडे पोहे, खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं 'चहा पावडर विसरू नको'. तर नववीत असताना इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर दहा शब्द लिहिले आणि म्हणाले वाक्यात उपयोग करून दाखवा. त्यात एक होता लिस्टलेस. मला काय, एकदम सोपं वाटलं की, लिस्ट म्हणजे यादी आणि लेस म्हणजे नसलेला, लिहून टाकलं: 'द लिस्टलेस कस्टमर फरगॉट द शुगर.' यादी न आणलेलं गिऱ्हाईक साखर विसरलं. सरांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं आणि म्हणाले, "तुमच्या दुकानापुरतं बरोबर आहे बघ हे."

आता मी स्वतः संध्याकाळी चार पोरं जमवून इंग्रजी शिकवतो, बँकेच्या नाहीतर एसएससीच्या (दहावीची नव्हे, सरकारी नोकरभरतीची) परीक्षेला बसणारी, कोण खानापूरकडचं, कोण येळ्ळूरचं, आणि दर बॅचमध्ये एक जण तरी हीच यादी घेऊन येतो. डिक्शनरी बघा म्हटलं तर तिथं 'निरुत्साही' एवढंच असतं. निरुत्साही पाठ करून परीक्षेतला एक मार्क मिळतो, नाही असं नाही, पण शब्द वापरायला गेलं की पाय घसरतो, कारण निरुत्साही आपण कशालाही म्हणतो, दमलेल्याला पण आणि आळशाला पण. म्हणून हा शब्द नीट कसा धरायचा ते एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

पहिलं काम, यादी डोक्यातून काढायची

लिस्टलेस मधला लिस्ट हा यादीवाला लिस्ट नाहीच. दोन वेगळे शब्द, योगायोगानं स्पेलिंग एक. यादीवाला लिस्ट मुळात काठ, किनार, पट्टी ह्या अर्थाचा, म्हणजे कापडाचा काठ, पुढे कागदाची लांब पट्टी, आणि त्या पट्टीवर नावं लिहायला लागले म्हणून साधारण 1600 च्या सुमाराला यादी. शहापूर-वडगावात मागावर साड्या विणणाऱ्या घरातल्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना लगेच पटतं, काठाचं महत्त्व त्यांना कुणी सांगायला नको. (सीमेच्या काठावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर नकोच नको.)

आपला लिस्ट वेगळा. जुन्या इंग्रजीत लिस्ट म्हणजे इच्छा होणं, मन होणं, आवडणं. हा शब्द आता मेल्यात जमा आहे पण 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये अजून सापडतो, 'द विंड ब्लोएथ व्हेअर इट लिस्टेथ', वारा त्याच्या मनाला येईल तिकडं वाहतो. लस्ट हा शब्द पण त्याच घरातला, फक्त इंग्रजीत त्याचा अर्थ अरुंद होत वासनेपाशी जाऊन बसला. जर्मन लोकांनी मात्र साधा अर्थ टिकवला, ते 'काइने लुस्ट' म्हणतात म्हणजे 'मन नाही बाबा', वासनेचा काही संबंध नाही.

आणि आता मजा बगा. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'मी इच्छितो' अशा थाटात सहसा चालायचा नाही. ते म्हणायचे 'मी लिस्ट', त्यातला मी म्हणजे आपला मी नव्हे हां, इंग्रजीतला, म्हणजे 'मला'. मला लिस्ट. शब्दाला शब्द ठेवला तर मला वाटतं, मला करू वाटतं! 'मीथिंक्स' पोरांना माहीत असतो, तो पण त्याच वळणाचा, मला वाटतं. म्हणजे इच्छा ही माणूस करत नाही, ती त्याला होते, बाहेरून येते, जशी आपल्याकडं भूक लागते, झोप येते, खाऊ वाटतं, जाऊ वाटतं. पुण्याकडं 'करावंसं वाटतं' म्हणतात, आपण बेळगाव-कोल्हापूरकडं सरळ 'करू वाटतं' म्हणून मोकळे होतो, आणि नसेल तर 'करू वाटेना'.

लेस बद्दल एक बारीक गोष्ट, ते पण पोरं चुकतात. लेस म्हणजे कमी, म्हणून लिस्टलेस म्हणजे कमी इच्छा, असं नाही. कमीवाला लेस वेगळा. शेपटीला लागणारा लेस म्हणजे बिन, विना. होमलेसला घर कमी नसतं, नसतंच. तसं लिस्टलेस म्हणजे ज्याच्याकडं ते 'वाटणं'च नाही. हा शब्द इंग्रजीत 15 व्या शतकापासून आहे. मूळ लिस्ट मरून गेला, त्याचं हे लेस लावलेलं पोर तेवढं जगलं.

तेव्हा डिक्शनरीतलं निरुत्साही खोडा आणि वहीत लिहा: लिस्टलेस म्हणजे ज्याला काय बी करू वाटेना. एवढं जमलं की अर्धं काम झालं.

कुंदा लावून बघायचा

आता उरलेलं अर्धं. समोरचा माणूस लिस्टलेस आहे का टायर्ड आहे का लेझी, हे कसं ओळखायचं? मी वर्गात कुंदा, आपली बेळगावची मिठाई, वापरतो. म्हणजे आणत नाही, परवडत नाही, नुसता डोळ्यासमोर आणायला सांगतो. समजा पुढ्यात ताजा कुंदा ठेवला.

दमलेला माणूस, दिवसभर ऊस तोडून आलेला किंवा मार्केट यार्डात पोती उचललेला, तो हात धुतो आणि खातो, खाताना डोळे मिटतात पण खातो. त्याला टायर्ड म्हणा, एक्झॉस्टेड म्हणा. आळशी माणूस सगळ्यांच्या आधी खातो, बशी मात्र उचलून ठेवत नाही. तो लेझी. ताप आलेला, गुंगीतला माणूस, त्याला कुंदा आणला हेच नीट कळत नाही, दोनदा हाक मारावी लागते, तो लेथार्जिक. आणि लिस्टलेस माणूस जागा आहे, शुद्धीत आहे, कुंदा आहे हे त्याला दिसतंय, एरवी त्याला आवडतो पण, तरी तो बघत बसतो. तुम्ही म्हणता खा की रे. तो म्हणतो, "ठेव की तिथं, खातो नंतर," आणि नंतर तुम्ही बघता तर बशीत माशी.

परीक्षा एवढीच, अडलंय कुठं ते बघायचं. अंगात अडलंय, स्वभावात अडलंय, शुद्धीत अडलंय, का त्या वाटण्यात अडलंय.

ह्यातून एक गोष्ट निघते जी मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे लिस्टलेस ही शिवी नाही. लेझी म्हटलं की तुम्ही त्या माणसाला दोष दिला. लिस्टलेस म्हटलं की तुम्ही फक्त त्याची अवस्था सांगितली, उलट थोडी काळजीच त्यात असते. माझ्याकडचा एक विद्यार्थी, हुशार, परीक्षेत दोन मार्कांनी गेला आणि त्यानंतर महिनाभर यायचा, बसायचा, वही उघडायचा, आणि पानावर पेनानं टिंबं काढत राहायचा. घरच्यांनी मला फोन करून 'आळशी झालाय हो' असं सांगितलं. आळशी पोरगं रोज दहा किलोमीटर बस धरून येतंय कशाला? तो आळशी नव्हता, त्याला करू वाटेना झालं होतं. शब्द बदलला की वागणूक बदलते, निदान माझी तरी बदलली, मी ओरडणं बंद केलं.

सुस्त, बेजार आणि आपल्याकडचा घोळ

पुस्तकं पुण्यात छापतात त्यामुळे ही अडचण त्यांना माहीत नसते, ती खास आपली आहे. सुस्त हा शब्द घ्या. मराठीत सुस्त म्हणजे ढिला, आळसावलेला, जेवून पडलेल्या अजगरासारखा. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकू 'भाळ सुस्त आगेतिरी' म्हणतात तेव्हा त्या स्वतःला आळशी म्हणत नसतात, त्या म्हणतात खूप दमले हो. शब्द एकच, फारसीतून दोघांनी घेतला, आणि दोन घरात दोन अर्थ. बेजारचं पण तेच, आपण म्हणतो डासांनी बेजार केलं, म्हणजे त्रासवून सोडलं, आणि कन्नडमध्ये बेजार झालं म्हणजे वाईट वाटलं नाहीतर कंटाळा आला. आपली पोरं दोन्ही भाषा एका तोंडानं बोलतात, सकाळी घरात एक सुस्त आणि दुपारी बसस्टँडवर दुसरा, आणि मग इंग्रजीत लिहिताना डोक्यात सुस्त येतं आणि हाताला जो लागेल तो शब्द उतरतो. म्हणून मी सांगतो की ह्या शब्दाला सुस्तवरून जाऊच नका. मराठी सुस्तसाठी स्लगिश आहे, कन्नड सुस्तसाठी टायर्ड आहे, लिस्टलेससाठी दोन्ही नको.

मग मराठीत जवळचं काय? माझ्या मते दोन शब्द. एक मरगळ, माणूस मरगळला, वातावरणात मरगळ आली. आणि लहान पोरासाठी मलूल. आई म्हणते ना, "पोरगं सकाळपासनं मलूल हाय, खेळेना, रडेना, नुसतं बसलंय खांद्यावर मान टाकून," तिथं डोळे झाकून लिस्टलेस लिहा. म्लान, निस्तेज हे पण चालतात पण ते चेहऱ्याबद्दल जास्त बोलतात, मनाबद्दल कमी. आणि वाक्य करायला मिळत असेल तर 'कशातच मन लागेना' ह्याच्यापुढे कुठलाच एक शब्द टिकत नाही.

वाक्यात कसा बसवायचा

उच्चार आधी. लिहितो लिस्टलेस पण म्हणताना लिस्ट-लस, जोर पहिल्या तुकड्यावर, शेवटचा लेस असा ताणायचा नाही, उरकून टाकायचा. स्पेलिंगमध्ये शेवटी दोन एस. नाम केलं की लिस्टलेसनेस, त्यात बारा अक्षरं आणि पाच एस, मोजून घ्या, परीक्षेच्या घाईत एखादा हमखास गळतो.

सगळ्यात जास्त तो फील, लुक, सीम, बिकम ह्या क्रियापदांच्या मागे येतो. 'शी हॅज बीन लिस्टलेस सिन्स द फीवर', ताप येऊन गेल्यापासून तिला काय करू वाटेना झालंय. 'यू लुक लिस्टलेस टुडे', आज अगदी मरगळलेला दिसतोस. 'द हीट मेड अस लिस्टलेस', उन्हानं आमचा जीव कशातच लागेना. इथं हॅव लावायचं नाही, 'आय हॅव लिस्टलेस' हे मराठीतल्या 'मला ताप आहे' च्या चालीवर पोरं लिहितात, ते चूक. हॅव लावायचाच असेल तर नाम घ्या आणि समोर काहीतरी ठेवा, 'आय हॅव अ फीलिंग ऑफ लिस्टलेसनेस', पण खरं सांगू का, असं कुणी बोलत नाही, 'आय फील लिस्टलेस' म्हणा आणि सुटा.

नामाच्या आधी लावला तर माणसाशिवाय इतर गोष्टींना पण चालतो, अट एवढीच की त्यात माणसाची मरगळ दिसली पाहिजे. लिस्टलेस व्हॉइस, लिस्टलेस आइज, लिस्टलेस हँडशेक. लिस्टलेस आफ्टरनून म्हणजे ती दुपार, जुलैतली, आपल्याकडं झड लागली की आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, टिळकवाडीत रेल्वे गेटपाशी थांबलेला माणूस गेट उघडलं तरी लगेच हलत नाही, तसली. पण लिस्टलेस टेबल, लिस्टलेस दगड नाही. दगडाला आधी कधी काही करू वाटत होतं काय, की आता वाटेना झालं म्हणायचं?

क्रियाविशेषण लिस्टलेसली, हे मला सगळ्यात आवडतं कारण ह्यात चित्र आपोआप तयार होतं. 'ही स्टर्ड हिज टी लिस्टलेसली.' चहा ढवळतोय, साखर केव्हाच विरघळली, चमचा फिरतोयच. जिथं काम हात करतोय आणि मन तिथं नाही, तिथं हे लावा. 'ही रॅन लिस्टलेसली टू कॅच द बस' हे मात्र जमत नाही, खानापूरची शेवटची बस पकडायला धावणाऱ्याला काहीतरी करू वाटतंय, चांगलंच वाटतंय.

तुलना करायची तर मोअर लिस्टलेस, मोस्ट लिस्टलेस. लिस्टलेसर वगैरे करू नका.

पेपरात हा शब्द दोन पानांवर हमखास भेटतो. खेळाच्या पानावर 'अ लिस्टलेस परफॉर्मन्स', म्हणजे टीम हरली ते हरली पण जिंकायचंय असं एकदा पण वाटलं नाही, मराठी पेपर तिथं निस्तेज खेळ लिहितात. आणि बाजाराच्या पानावर 'लिस्टलेस ट्रेडिंग', शेअर फार वर पण नाहीत फार खाली पण नाहीत, कुणाला घेऊ वाटेना, कुणाला विकू वाटेना. रविवार पेठेतला घाऊक व्यापारी ज्याला 'बाजारात उठाव नाही' म्हणतो ते जवळजवळ हेच. बाजार पडला असेल तर मात्र लिस्टलेस नाही, पडणारा बाजार भलताच जिवंत असतो, ओरडाओरड असते.

आणि जिथं वापरू नये ती जागा, रजेचा अर्ज. 'आय ॲम फीलिंग लिस्टलेस टुडे, काइंडली ग्रँट लीव्ह' असं लिहिलं तर वरचा माणूस वाचणार, 'ह्याला आज यायचं मन नाही', आणि अर्थ त्यानं अगदी बरोबर लावलेला असणार. तिथं अनवेल लिहा.

ह्याची भावंडं

परीक्षेत समानार्थी म्हणून जे चार-पाच शब्द येतात ते सगळे सारखे नाहीत, पण सगळे सारख्या ताकदीनं पाठ करायची पण गरज नाही.

लेथार्जीचं सांगायला पाहिजे कारण तिथं गंमत पण आहे आणि धोका पण. हा ग्रीक, त्यात लेथे म्हणजे विसर. ग्रीक कथांमध्ये पाताळात लेथे नावाची नदी आहे, तिचं पाणी प्यालं की मागचं सगळं विसरायला होतं. म्हणून लेथार्जीत झापड आहे, गुंगी आहे, नुसती अनिच्छा नाही. पाच वर्षांखालच्या बाळांच्या उपचारासाठी सरकारची आयएमएनसीआय म्हणून पद्धत आहे, त्यात बाळाला पिता न येणं, पोटात काहीच न ठरणं, झटके येणं ह्याच्या बरोबरीनं बाळ लेथार्जिक किंवा बेशुद्ध असणं हे धोक्याचं लक्षण धरतात, लगेच दवाखान्यात न्यायचं. म्हणून बाळाच्या बाबतीत लिस्टलेस आणि लेथार्जिक हे दोन शब्द सहज अदलाबदल करू नका. मलूल बाळ हाकेला बघतं, खेळणं दाखवलं तर निदान नजर तरी वळते. लेथार्जिक बाळ बघत नाही.

लँग्विड हा सगळ्यात सुखी भाऊ. त्यात सैलपणा आहे, पण तो हवाहवासा असू शकतो, रविवारी मटण-भाकरी खाऊन पायरीवर वारा घेत बसलेला माणूस लँग्विड. त्याला लिस्टलेस म्हणाल तर तो रागावेल, त्याला हवं ते त्याला मिळालेलं आहे.

ऑन्वी हा फ्रेंच, ई एन एन यू आय असं स्पेलिंग बघून एन्नुई म्हणू नका. हा कंटाळा, आणि तो पण पोट भरलेल्याचा कंटाळा, सगळं असून आलेला. कन्नड बोलणारे ज्याला ब्यासर म्हणतात त्याच्या जवळचा. ॲपथी म्हणजे पर्वा नसणं, मतदानाच्या बातम्यांत येतो. लॅसिट्यूड म्हणजे अंगातलं त्राण गेल्यासारखं, आजारपणानंतरचं, पुस्तकी शब्द, दिसला तर ओळखा, वापरायची घाई नको. टॉर्पर म्हणजे निपचित पडून राहणं, हा मला बेडकांसाठी बरा वाटतो.

लॅकाडेझिकल राहिला. ह्याची सगळ्यांना भीती वाटते, कारण नसताना. पूर्वी इंग्रजीत 'अलॅक द डे' म्हणजे 'हाय रे दैवा', ते घासून घासून लॅकाडे, त्यातून हा निघाला. आता अर्थ आहे काम टाळ्यावारी करणं, मन न लावता उरकणं. ह्यात दोष देणं आहे, लिस्टलेसमध्ये नाही, एवढा फरक लक्षात राहिला तरी खूप.

विरुद्धार्थी विचारला तर पर्यायात बहुतेक एनर्जेटिक असतं, तेच टिक करा, मार्क घ्या, वाद नको. पण आपल्यातच सांगतो, खरा उलटा शब्द ईगर. एनर्जी ही अंगाची गोष्ट, ईगर म्हणजे ज्याला करू वाटतंय. मूळ बघितलं की हे आपोआप दिसतं, म्हणून एवढं मागं जाऊन सांगितलं.

दवाखान्यात

बेळगावात डॉक्टरला मराठीत सांगितलं तरी कळतं, पण बंगळूरला नोकरीला असलेल्या पोरांचे मला मेसेज येतात, सर डॉक्टरला इंग्रजीत काय सांगू. नुसतं 'आय ॲम वीक' सांगितलं की तपासणी तिथंच संपते आणि टॉनिक मिळतं. त्यापेक्षा अडलंय कुठं ते सांगा. अंगात जोर नसेल तर 'आय गेट टायर्ड क्विकली', दिवसभर झोप येत असेल तर 'आय फील स्लीपी ऑल डे', आणि करू वाटेना झालं असेल तर 'आय फील लिस्टलेस, आय डोन्ट फील लाइक डूइंग एनीथिंग, इव्हन थिंग्ज आय युज्ड टू एन्जॉय'. तो शेवटचा तुकडा विसरू नका, आधी आवडत होतं ते पण आता नको वाटतं, हे डॉक्टरला ऐकायचं असतं. कारण रक्त कमी असलं, थायरॉइड मंदावला, बी बारा कमी पडलं तरी माणूस असा होतो, आणि डिप्रेशनमध्ये पण होतो, तिथं डॉक्टर दोन आठवडे ही मुदत बघतात. म्हणून किती दिवस ते पण सांगा, 'फॉर द पास्ट थ्री वीक्स' असं. दवाखान्यात जायचं धाडस होत नसेल तर सरकारचा टेली मानस म्हणून फोन आहे, 14416, 2022 पासून चालू आहे, फुकट, आणि फक्त इंग्रजी-हिंदीत नाही, इतर भारतीय भाषांत पण बोलता येतं.

ते टिंबं काढणारं पोरगं मी पण आधी नुसतं बघतच बसलो होतो. मग त्याच्या वडलांना म्हटलं, रक्त तरी तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी निघालं. निम्मं ते होतं, निम्मं मार्कांचं होतं.

सरावासाठी एकच काम देतो, आठवडाभर रोज एक लिस्टलेस माणूस शोधायचा आणि त्याचे हात काय करतात ते एका वाक्यात लिहायचं, लिस्टलेस शब्द न वापरता. मग सातव्या दिवशी शब्द घालून परत लिहायचं. माझं वाक्य मी आमच्या दुकानातलं लिहिलं होतं. पावसाळ्यातला मंगळवार, चारची वेळ, आमचं रोजचं एक गिऱ्हाईक आलं, छत्री मिटली, काउंटरवर हात ठेवून उभं राहिलं. वडलांनी विचारलं काय देऊ. त्यांनी बरण्यांवरनं नजर फिरवली, शेंगदाणे, गूळ, बिस्किटं, परत शेंगदाणे. खिशात यादी होती, बायकोनं लिहून दिलेली, वर डोकावत होती. ती त्यांनी काढलीच नाही, थोडा वेळ थांबले, "असू दे, येतो मग," म्हणाले आणि छत्री न उघडताच पावसात चालू पडले.

'द लिस्टलेस कस्टमर हॅड अ लिस्ट.' हे वाक्य सरांना दाखवायचं मात्र राहून गेलं.